पुसायला हवी होती ती पट्टी

कडुलिंबाचा मोहोर गाडीच्या सीटवर पडायला लागला की लातुरात परीक्षेचे दिवस आले असं समजावं. आमच्या क्लासच्या मागं दोन लिंब आहेत. सकाळच्या बॅचला त्यांच्या सावलीत गाडी लावायची आणि बाराला बाहेर यायचं, तर तोवर सावली सरकलेली असते आणि सीटवर बारीक पांढरट फुलांचा थर बसलेला असतो. तो झटकायचा, सीटला तळहात लावून बघायचा, चटका बसला की पुन्हा भिंतीच्या आडोशाला जाऊन पाच मिनिटं थांबायचं. या पाच मिनिटांत मुलं मला गाठतात.

मी इथं डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांना प्राणिशास्त्र शिकवते. एका प्रश्नाला चार पर्याय, त्यातला एक बरोबर, आणि वेळ एका मिनिटापेक्षाही कमी. मुलं हुशार आहेत. या दिवसांत त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलेलं असतं आणि खिशात ग्लुकोजच्या पुड्या असतात. परवा लोह्याची एक मुलगी वही घेऊन उभी राहिली. "मॅडम, पोटॅशियम पेशीतून बाहेरच जातं ना? पुस्तकात तसंच हाय. मग इंटरनेटवर आत येणाऱ्या दाराचं कायतरी दाखवून राहिलेत, ते काय आहे?" मी म्हटलं, "ते सिलॅबसमध्ये नाही." तिनं मान डोलावली, वहीत त्या ओळीवर काट मारली आणि निघून गेली. मी सीटला हात लावून बघितला. अजून चटका बसत होता.

सिलॅबसमध्ये नसलेल्या त्या दारानं माझी साडेपाच वर्षं खाल्ली आहेत. तक्रार म्हणून सांगत नाही, हिशेबालाही कोणी बसलेलं नाही. पण या उन्हाचा वास आला की मला लातूर दिसत नाही, नांदेड दिसतं. आटत आलेली गोदावरी, घाटाच्या पायऱ्यांवर वाळत टाकलेल्या साड्या, स्टेशनच्या रस्त्यावर रिक्षांच्या पुढच्या काचेला लावलेले ओले टॉवेल. आणि आमच्या कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरची ती प्रयोगशाळा, जिच्या पश्चिमेकडच्या खिडक्यांना आम्ही जुन्या उत्तरपत्रिकांचे कागद चिकटवले होते. ऊन त्यातून पिवळं होऊन आत यायचं. एखाद्या कागदावर कुणाचं तरी बेडकाचं हृदय काढलेलं असायचं, दहापैकी साडेतीन.

आधी ते दार काय ते सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. पेशीच्या आवरणाला पोटॅशियमसाठी बरीच दारं असतात. त्यातलं एक घराणं जरा आडमुठं आहे. त्यातून आत यायला सोपं, बाहेर पडायला अवघड, कारण बाहेर निघायची वेळ आली की पेशीतलीच काही मंडळी दारात येऊन अडून बसतात. शास्त्रात त्याला इनवर्ड रेक्टिफायर म्हणतात. हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधे पेशीला गप्प बसवून ठेवायचं काम या घराण्याकडं आहे. त्यातला एक भाऊ मात्र मुख्यतः मेंदूत आणि मूत्रपिंडात राहतो, हृदयात त्याचं विशेष काम नाही, असं जगभरची पुस्तकं सांगतात. आमचे सर सांगायचे, "पुस्तकं लिहिणाऱ्यांनी आपली शेळी बघितलेली नाही."

सर म्हणजे सोनटक्के सर, माझे मार्गदर्शक. बुटके, स्वच्छ, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. उस्मानाबादी शेळी त्रेचाळीस अंशांतही माळावर कशी चरते, तिचं हृदय हे ऊन कसं सोसतं, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न होता. त्यांनी एका पेपरात दाखवलं होतं की तो मेंदूतला भाऊ आपल्या शेळीच्या हृदयात आहे. मला दिलेलं काम त्यापुढचं. तो उन्हाळ्यात वाढतो का? मी तीन उन्हाळे आणि तीन हिवाळे शेळ्यांची हृदयं गोळा केली, वाटली, त्यातली प्रथिनं वेगळी केली आणि त्या प्रथिनाला शोधून चिकटणारं प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, त्यावर सोडलं. एक्स-रेच्या फिल्मवर काळी पट्टी उमटायची. हिवाळ्यात फिकट, उन्हाळ्यात गडद. एकदाही चुकली नाही. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा मी आनंदानं खुर्चीवरून उठले होते आणि मग उठून काय करायचं ते न कळून परत बसले होते.

यात एक अडचण होती, ती आमच्या घरची. आम्ही उदगीरचे लिंगायत. अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, मोंढ्यात तूर आणि मुगाचं दुकान, घरात कांद्यालासुद्धा श्रावणात जागा नाही. मी सकाळी आंघोळ करून, गळ्यातलं इष्टलिंग हातावर घेऊन पूजा करायची, आणि तासाभरात खाटकाकडून आलेलं शेळीचं हृदय बर्फावर ठेवून कात्रीनं उघडायची. दोन्ही गोष्टी मी नीट करायची. कधी खंत वाटली नाही, पण सांगायचं धाडसही झालं नाही. अव्वा, म्हणजे माझी आई, रविवारी फोन करायची.

"काय काम करून राहिलीस गं एवढं? उन्हात कामून हिंडतीस?"

"प्रोटीनचं काम आहे अव्वा."

"म्हणजे डाळीचंच की. मग हितं अप्पाच्या दुकानात काय कमी हाय?"

"हाव, तसंच आहे," मी म्हणायची, आणि दोघी हसायचो. तिचं हसणं खरं होतं, माझं अर्धं. या उन्हाळ्यात संपवते, असा शब्द मी अप्पांना दिला होता. त्यापुढं त्यांनी काही विचारलं नव्हतं, आणि आमच्याकडं न विचारणं म्हणजे वाट बघणं असतं.

ही हृदयं आणायचे बाबूमामा. ते आमच्या लॅबचे शिपाई, मुदखेडहून सकाळच्या गाडीनं येणारे, साठीला टेकलेले. खाटकाकडं जायला मला संकोच वाटतो हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि मला काही न विचारता ते काम स्वतःकडं घेतलं. येताना बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचे. जिन्यावर पाण्याची धार उमटायची, आणि ते वर येऊन म्हणायचे, "घ्या बाई, तुमचं काळीज आन् माझा बरफ." फ्रीजरचा जिम्माही त्यांचाच. उन्हाळ्यात वीज जायची, तशी ती तासन्‌तास जायची. मग मामा बर्फ फोडून फ्रीजरमध्ये भरायचे, वरून दोन घोंगड्या टाकायचे, आणि वीज येईपर्यंत दार कुणालाच उघडू द्यायचे नाहीत. सरांनासुद्धा नाही.

त्या चैत्रात, पाडव्याची साखरेची गाठी अजून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये मुंग्या खात होत्या तेव्हा, आम्ही पाठवलेल्या पेपरवर परीक्षकाचा अभिप्राय आला. एक पान कौतुक आणि खाली एक ओळ. ज्या प्रथिनावर हे प्रतिपिंड तयार केलं आहे, तेच रिकॉम्बिनंट प्रथिन वापरून ब्लॉकिंगचा प्रयोग केला आहे का? असल्यास चित्र जोडावं. मी ती ओळ सरांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "रीतसर प्रश्न आहे. करून टाक." मेच्या अखेरीस ते निवृत्त होणार होते. प्रबंध त्याआधी द्यायचा, सही त्यांची घ्यायची, असं ठरलेलं होतं. मधे दोन महिने होते आणि प्रयोग दोन दिवसांचा.

ब्लॉकिंगमध्ये अवघड काही नाही. जेवून आलेला पाहुणा पंगतीत बसला तरी घास उचलत नाही, एवढीच त्यातली युक्ती. प्रतिपिंडाला आधी त्याचं ते प्रथिन भरपूर द्यायचं, शुद्ध स्वरूपात, जीवाणूंकडून बनवून घेतलेलं. त्याचे हात भरले की मग त्याला हृदयाच्या नमुन्यावर सोडायचं. आता त्याला पकडायला हात मोकळा नाही, म्हणून पट्टी पुसली जायला हवी. पुसली, तर ती पट्टी आपली असण्याची आशा धरता येते. नाही पुसली, तर ते इतके दिवस भलत्यालाच धरून बसलं होतं. हा प्रयोग कामाच्या पहिल्या महिन्यात करायचा असतो. हे मला तेव्हाही माहीत होतं, म्हणजे वाचलेलं होतं.

मग केला का नाही? सांगायला जरा लाज वाटते. ते प्रथिन आमच्याकडं होतं. प्रतिपिंडाबरोबर कंपनीनं ते फुकट पाठवलं होतं, माझ्याही आधी, सहा वर्षांपूर्वी. अंगठ्याएवढी नळी. सरांनी ती एका स्टीलच्या डब्यात ठेवली, डब्याला चिकटपट्टी लावली आणि वर आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं, 'मौल्यवान. विचारल्याशिवाय वापरू नये.' मग कुणीच विचारलं नाही. आमच्याकडच्या माणसांना हे समजावून सांगावं लागणार नाही. शोकेसमधल्या कपबशीत कधी चहा झालेला नसतो, नवी सोलापुरी चादर पाहुण्यांसाठी घडीत राहते, अव्वाची इरकल लुगडी चांगल्या दिवसाची वाट बघत कपाटात विरून जातात. चांगली वस्तू वापरायची नसते, राखायची असते, हे आम्ही दुधाबरोबर शिकतो आणि मग प्रयोगशाळेतही घेऊन जातो. ती नळी जेमतेम दोन-चारदा पुरेल एवढी होती, म्हणून तर ती अजूनच जपली गेली. प्रत्येक लोडशेडिंगला मामा तिच्याभोवती बर्फ रचत होते, आणि मी शेजारच्या खणातून रोज हृदयं काढत होते.

डबा उघडला तेव्हा आम्ही तिघंही उभे होतो, एखाद्या घरी वास्तुशांतीला उभं राहावं तसे. मामांनी चिकटपट्टी नखानं सोडवली. नळीच्या तळाशी काहीच दिसेना. "रिकामी हाय का काय वो?" मामा घाबरून म्हणाले. मी म्हटलं, "ती पूड इतकी थोडी असते की दिसत नाही मामा." थेंबभर पाणी घातलं. तेही पाण्यासारखंच दिसलं.

आमची डार्करूम म्हणजे जिन्याखालची चिंचोळी खोली, तिला लाल बल्ब आणि पंखा नाही. दुपारी तिथं उभं राहिलं की घाम भुवयांवरून डोळ्यांत यायचा आणि हातात फिल्म असल्यामुळं पुसता यायचा नाही. डेव्हलपरचा आंबूस वास, बाहेर पोरांचा क्रिकेटचा आवाज. मी हृदयाच्या एकाच नमुन्याच्या दोन फिती शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एकीवर साधं प्रतिपिंड, दुसरीवर आधीच जेवू घातलेलं. फिल्म द्रावणात बुडवली. पहिली पट्टी उमटली, नेहमीसारखी, ओळखीची. मी दुसऱ्या जागेकडं बघत राहिले. तिथं काही येऊ नये असं वाटत होतं. फिल्मवर काही येऊ नये, असं त्या खोलीत मला कधीच वाटलं नव्हतं. मग तिथंही राखाडी सावली आली, दाट झाली, आणि दोन्ही पट्ट्या सारख्याच काळ्या झाल्या. मी मोजत होते तेवढे आकडे मोजून पूर्ण केले, फिल्म धुतली आणि बाहेर येऊन वाळत घातली. पोरांतलं कुणीतरी आऊट झालं होतं, त्यावरून भांडण चाललं होतं.

सर फिल्म खिडकीच्या पिवळ्या उजेडात धरून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "प्रथिन खराब झालं असेल. सहा वर्षं म्हणजे काही कमी नाहीत." ही शंका खोटी नव्हती. मलाही ती हवीच होती. ती तपासायचा एक साधा मार्ग आहे. त्या प्रथिनाचाच थेंब कागदावर सुकवायचा आणि त्यावर प्रतिपिंड सोडायचं. प्रथिन सडलं असेल तर ठिपका नीट दिसणार नाही. उरलेल्या थेंबात मी ते केलं. साध्या प्रतिपिंडानं ठिपका लख्ख उमटला. जेवू घातलेल्या प्रतिपिंडानं तोच ठिपका पार पुसला गेला. म्हणजे प्रथिन ठणठणीत होतं, त्यानं प्रतिपिंडाचे हात पूर्ण भरले होते, आणि तरीही हृदयातली पट्टी जागची हलली नव्हती.

मामांनी एखाद्या उन्हाळ्यात थोडी हयगय केली असती, तर आम्हाला बोट दाखवायला जागा उरली असती. एक घोंगडी कमी टाकली असती तरी भागलं असतं. त्यांना मी हे सांगितलं नाही, पण आमचे चेहरे बघून त्यांनी विचारलंच.

"बाई, माहं काय चुकलं का?"

"नाही मामा. तुम्ही जपलं म्हणून तर कळलं."

"काय कळलं?"

"की ते तिथं नाहीये. आम्ही जे शोधत होतो ते."

ते म्हणाले, "म्हंजे सा वर्सं म्या ह्याच्यासाठी बरफ वाहून राहिलो होतो व्हय?" रागानं नाही, नुसतं समजून घ्यायला म्हणाले. नंतर गोणपाट झटकून खिडकीवर वाळत टाकलं.

उन्हाळ्यात काहीतरी वाढत होतं हे खरं. ती पट्टी भुताटकी नव्हती. शेळीच्या हृदयात उन्हानं कुठलं तरी प्रथिन वाढत होतं आणि आमचं प्रतिपिंड त्याला चिकटत होतं. ते कुठलं, हे मला आजही माहीत नाही. पण माझ्या प्रबंधाचं नाव त्या दाराच्या नावानं होतं, आणि सरांच्या पेपरचंही, तोही याच प्रतिपिंडावर उभा. मी आणखी दोनदा प्रयोग केला, थेंब थेंब पुरवून. सर दोन्ही वेळा आले, बघितलं, आणि चहा घ्यायला खाली गेले. कर म्हणाले नाहीत, करू नको म्हणाले नाहीत. शेवटच्या फिल्मच्या वेळी फक्त एवढं म्हणाले, "तुझी पट्टी खोटी, तर माझीही खोटीच." आणि खिशातलं पेन काढून उगाच बघून परत ठेवलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी प्रबंध सरांच्या घरी घेऊन गेले. बॅगेत चौथं प्रकरण होतं आणि त्यात ब्लॉकिंगचं चित्र नव्हतं. पेपर मागं घेता येतो, थोडी वाट बघू म्हणता येतं. प्रबंध वाचणारे दोघंही परीक्षक या विषयातले नव्हते, विचारणारं कोणी नव्हतं. मी स्वतःला समजावलं होतं की माणूस पंधरा दिवसांनी निवृत्त होणार, आता त्याच्या आयुष्यभराच्या कामावर आपण काट मारायची का? हे म्हणताना मला स्वतःबद्दल बरं वाटत होतं. रिक्षात बसून मी हेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत आले.

सर बनियनवर होते. अंगणात कूलर भरत होते, वाळ्याच्या जाळीवर तांब्यानं पाणी मारत. काकूंनी कैरीचं पन्हं आणून ठेवलं. सरांनी हात पुसले, चष्मा लावला, आणि सरळ चौथं प्रकरण काढलं. एकेक पान उलटत शेवटपर्यंत गेले. मग मागं आले.

"ब्लॉकिंगचं चित्र कुठंय?"

"काढलं सर."

"का?"

"तुमच्यासाठी," मी म्हटलं. आवाज मला हवा होता तसाच आला, कळवळ्याचा.

सरांनी वर बघितलं. चिडलेले नव्हते. "माझ्यासाठी काढलंस," ते म्हणाले, "का तुझ्यासाठी?"

मी पन्ह्याचा पेला हातात घेतला. त्यात वेलदोड्याचा दाणा तरंगत होता. मला लाज वाटली, साधी, लहानपणी अव्वाच्या डब्यातला गूळ चोरताना सापडल्यावर वाटायची तशी. मला अप्पांना दिलेला शब्द पाळायचा होता, नावामागं डॉक्टर लावायचं होतं, उदगीरला एकदाचं ताठ मानेनं जायचं होतं. सरांचं म्हातारपण मी वर नुसतं पांघरलं होतं. त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. प्रमाणपत्राचं पान, ज्यावर 'हे संशोधन माझ्या मार्गदर्शनाखाली झालं असून ते खरं आहे' असं छापलेलं असतं, ते वेगळं काढून माझ्या हातात दिलं. सही न करता. म्हणाले, "चित्र घाल आणि त्याप्रमाणं सगळं नव्यानं लिहून आण. ज्याची सही चालेल त्याची घे. माझी तोवर चालणार नाही, मी रिटायर झालेलो असेन." मग पुन्हा तांब्या उचलला.

निरोप समारंभात शाल झाली, नारळ झाला. प्राचार्यांनी नेमक्या त्याच पेपरचा उल्लेख केला, मराठवाड्याची शेळी जगाच्या नकाशावर नेणारे म्हणून. सर खाली बघत बसले होते. तो पेपर छापणाऱ्या मासिकाला निष्कर्ष चुकल्याचं पत्र त्यांनी आधीच टाकलं होतं, हे मला नंतर कळलं. त्याला कधी उत्तर आलं नाही. मी घरी फोन करून सांगितलं की यंदा होत नाही. अप्पा म्हणाले, "बरं." अव्वानं फोन घेतला आणि म्हणाली, "डाळ शिजंना का गं अजून?" मी नाही म्हटलं आणि रडले. या सगळ्यात रडले ती तेवढी एकदाच. तिनं तिकडून फोन ठेवला नाही.

पुढं दुसरे मार्गदर्शक मिळाले, सज्जन आणि उदासीन. घराण्यातला जो भाऊ हृदयात खरोखरच राहतो, त्याच्यावर मी जुन्या नमुन्यांवरच काम केलं, प्रत्येक पट्टीला ब्लॉकिंग करून. पट्टी पुसली जायची, आणि मग पुढं सरकायचं. तो उन्हाळ्यात वाढत नाही आणि कमीही होत नाही. तीन उन्हाळे, तीन हिवाळे आणि उत्तर 'बदल नाही'. आज मी मुलांना चार पर्याय देते त्यात असा पर्याय शेवटचा असतो, आणि मुलं तो सहसा निवडत नाहीत. बाबूमामा त्या वर्षी निवृत्त झाले. जाताना त्यांनी फ्रीजरची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "आता फिकीर तुमची."

तोंडी परीक्षा झाली ती पुन्हा याच दिवसांत. विभागाचा हॉल, दोन कूलर घरघरतायत, माईकची गरज असूनही कुणी तो लावलेला नाही. ही परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. बसतं मात्र कोणी नाही, म्हणून विभागातल्या एमएस्सीच्या मुलींना बोलावून पहिल्या दोन रांगा भरतात. मी पडद्यासमोर उभी राहिले तेव्हा दिसलं, शेवटच्या बाकावर सर येऊन बसले होते. निवृत्तीनंतर ते लोह्याकडच्या शेतावर राहायला गेले होते, तिथून एसटीनं आलेले, मांडीवर पाण्याची बाटली, कॉलरला घामाची रेघ. शर्टाच्या खिशात दोन पेनं. मी त्यांना बोलावलं नव्हतं. बोलवायला तोंड नव्हतं.

या वेळचे बाहेरचे परीक्षक मात्र या विषयातले जाणकार निघाले. चौथ्या प्रकरणापाशी ते थांबले. दोन काळ्या पट्ट्यांचं चित्र पडद्यावर होतं, एक साधी, एक पुसायला हवी होती ती. ते म्हणाले, या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं पान हेच आहे. मग कागद चाळून विचारलं, "पण आधीचा निष्कर्ष तुम्ही इथं खोडून काढलाय. तो ज्यांचा होता त्यांना हे दाखवलंत का? त्यांचं म्हणणं काय?"

या प्रश्नाचं उत्तर मी तयार केलं होतं. संबंधित संशोधकांना अवगत करण्यात आलं आहे, असं काहीतरी सरकारी. तोंड उघडलं तर ते निघेना. पुढच्या रांगेतल्या मुली माझ्याकडं बघत होत्या.

तेवढ्यात मागच्या बाकावरून हात वर आला, वर्गात उत्तर येणारी मुलं करतात तसा, सरळ. परीक्षकांचं लक्ष जाईपर्यंत तो खाली आला नाही. मग सर उठून उभे राहिले.

"तो पेपर माझा आहे," ते म्हणाले. "तिचं बरोबर आहे. पुढचं विचारा."